रेणुकेचे तुणतुणे आणि ‘नवरत्नम्’

गेल्या वर्षी घरातील एक मंगलकार्य पार पडल्यावर कुलाचाराचा गोंधळ ह्या खेपेस माहूरलाच घालावा असे आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी ठरविले. त्याप्रमाणे रात्री चौक मांडला गेला, पाटावर कलश बसला, दिवटी पेटली, आणि कवड्यांच्या माळा ल्यालेले गोंधळी उभे राहिले. मंडळींपैकी एकाने हौसेने पेटी आणली होती. साथीला ती बरी असा त्याचा समज. परंतु तुणतुण्याच्या तारेचा सूर पेटीत कोठेच सापडेना. काळी एक धरावी तर तो तिच्याहून चढा, पांढरी दोन धरावी तर उतरलेला. गोंधळी आपला सूर सोडावयास तयार नव्हता आणि पेटीस सूर हलविता येत नव्हता. शेवटी पेटी मिटून ठेवावी लागली. मग आमच्या पुतणीने, जी नांदेडास राहून व्हायोलिन शिकते, आपले वाद्य काढले, कान तुणतुण्याकडे लावून खुंट्या पिळल्या, आणि क्षणभरात ती त्या सुरास मिळाली. म्हाताऱ्या गोंधळ्याने मान डोलावली. ‘चालेल,’ एवढेच तो म्हणाला.

तुणतुण्याविषयी माहूरला जी कथा सांगतात ती आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्या शिराचे वाद्य करून त्यात त्याच्याच तंतूंची तार ओविली, आणि ते वाजवीत मातेपुढे येऊन तिला वंदन केले; गोंधळाचा आरंभ तेथून झाला. रेणुराई गोंधळी ह्या कथेस आपली सनद मानतात. कथेचा ऐतिहासिक खरेखोटेपणा पाहण्याचे कारण नाही. आम्हांस तीत लक्षणीय वाटते ते एवढेच की, ह्या लोकांच्या मते संगीताचा उगम एका तारेत आहे. ती तार रात्रभर एकच सूर धरून राहते, आणि बाकीचे सारे तिच्या आधाराने चालते.

त्या रात्रीनंतर पुतणीने आम्हांस एक प्रश्न विचारला. व्हायोलिन, पियानो आणि तंतुवाद्यवृंद ह्यांसाठी युरोपात जशा मालिका रचितात, तशी एखादी आपल्याकडे कोणी रचिली आहे काय, आणि तीत हा तुणतुण्याचा सूर राहतो की नाहीसा होतो? प्रश्न लहान होता, परंतु त्याचे उत्तर शोधीत आम्हांस मुंबई, तंजावर व गोवा अशी बरीच पायपीट करावी लागली.

प्रथम मालिका म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. युरोपीय लोक ज्यास ‘स्वीट’ म्हणतात (मिठाईशी त्याचा संबंध नाही) ती अनेक लहान रचनांची एक माळ असते. सतराव्या-अठराव्या शतकांत ह्या लहान रचना म्हणजे नाचांच्या चाली असत. आलमांद हा जर्मनांचा नाच, कूरांत फ्रेंचांचा, साराबांद स्पेनमधून आलेला, आणि जीग हा इंग्लंड-आयर्लंडकडचा. चार देशांचे चार नाच, चारांच्या लयी निराळ्या. परंतु सर्व एकाच आधारसुरावर बसविलेले. बाखच्या मालिका अशाच आहेत. पुढे नाच गळाले, त्यांच्या जागी चित्रे, ऋतू, कथाप्रसंग आले, तथापि निरनिराळ्या स्वभावाचे तुकडे एका सूत्रात ओवावयाचे हा मूळ विचार टिकला.

आता गोंधळाकडे पाहावे. आरंभी गण, मग गावोगावच्या देवतांस त्यांच्या त्यांच्या ठाण्यांची नावे घेऊन आवाहन, मग स्तवने, मग आख्यान, त्यात नाईक आणि त्याचा साथीदार ह्यांची सवालजबाबाची थट्टा, आणि पहाटे आरती. प्रत्येक भागाची लय निराळी, भाव निराळा; तार मात्र तीच. बाखने चार देशांचे नाच एका सुरावर बोलाविले, गोंधळी माहूर, तुळजापूर, कोल्हापूर येथल्या देवतांस एका तारेवर बोलावितो. कोणी म्हणेल की हे साम्य वरवरचे आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या कानास कीर्तन, गोंधळ आणि ख्याल-तराणा-पद-भैरवी अशी मैफल ऐकण्याची सवय आहे, त्याला पाऊण तासाच्या अखंड सिंफनीपेक्षा लहान लहान भागांची मालिका अधिक जवळची वाटणार, हे उघड आहे. अडचण आहे ती दुसरीकडे, आणि तिच्याकडे आम्ही पुढे येऊ.

पुतणीच्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर आम्हांस मुंबईत सापडले. १९३४ च्या फेब्रुवारीत वाल्टर कौफमान नावाचा २६ वर्षांचा एक संगीतकार मुंबईच्या बंदरात उतरला. जन्म १९०७ चा, बोहेमियातील कार्ल्सबाद गावचा; धर्माने यहुदी. जर्मनीत हिटलरचे राज्य सुरू होऊन वर्ष झाले होते, आणि अशा माणसास तेथे संगीताचे कोणतेही द्वार उघडे राहिले नव्हते. मुंबईत आल्यावर त्याने येथल्या गायनाच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि त्याला त्यांतले काहीच कळेना. येथवरची गोष्ट अनेक युरोपियनांच्या बाबतीत घडली आहे. बहुतेक लोक त्यानंतर आमच्या संगीतास नावे ठेवून मोकळे झाले. कौफमानने मात्र असा विचार केला की, जे संगीत लक्षावधी बुद्धिमान व सहृदय माणसांस प्रिय आहे ते आपणांस कळत नसेल तर उणेपणा आपल्या ठायी असला पाहिजे. मग तो बारा वर्षे येथे राहिला व शिकला. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्यावर १९६८ साली उत्तर हिंदुस्थानातील रागांवर त्याने जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याची मुळे ह्या बारा वर्षांतच आहेत.

आल्या वर्षीच त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापिली. पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता. हे पारशी गृहस्थ बहुतांशी स्वप्रयत्नाने व्हायोलिन शिकले होते, आणि १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. १९३७ पासून १९४६ पर्यंत कौफमान मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचा प्रमुख होता. ह्याच मुंबईत १९४५ साली त्याने पियानो व लहान वाद्यवृंद ह्यांसाठी एक मालिका रचिली आणि तिला नाव दिले ‘नवरत्नम्’. विक्रमादित्याच्या सभेतले असो वा ग्रहांच्या अंगठीतले असो, हे नाव कोणत्याही मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही. तीन व्हायोलिने, एक व्हियोला, दोन चेलो आणि पियानो ह्यांसाठी त्याने लिहिलेले एक सप्तकही आहे. व्हायोलिन, पियानो व तंतुवाद्यवृंद हा जो मेळ आमच्या पुतणीने विचारला होता, त्याचे ते धाकटे भावंडच म्हणावे.

कौफमानची आणखी एक रचना आमच्या प्रत्येक वाचकाच्या कानावरून गेली आहे, जरी तिच्या कर्त्याचे नाव शंभरांत एकासही ठाऊक नसेल. पहाटे आकाशवाणी सुरू होताना जी धून पिढ्यान् पिढ्या वाजत आली, ती त्याचीच मानली जाते, आणि तीतले व्हायोलिन मेहली मेहतांचे असे सांगतात. ती धून लक्ष देऊन ऐकावी. खाली तंबोरा, त्याच्यावर व्हायोलिनची एकच रेघ वर चढते, थांबते, उतरते. एवढेच. युरोपात वाढलेल्या माणसाने येथे स्वरमेळाचा सारा पसारा आवरून ठेविला, आणि तंबोऱ्यास तंबोराच राहू दिले. तुणतुण्याचा सूर राहतो की जातो ह्या प्रश्नास ह्या पाऊण मिनिटाच्या धुनेत एक स्वच्छ उत्तर मिळाले आहे. परंतु ते पाऊण मिनिटाचे उत्तर आहे. मालिका वीस मिनिटांची असते.

आता त्या अडचणीविषयी. युरोपीय रचनेत एका वेळी अनेक स्वर वाजतात आणि तळाचा स्वर पुढे सरकत असतो. आता सा खाली असेल, दुसऱ्या क्षणी म, मग प. भुई सरकली की वरच्या प्रत्येक स्वराचा अर्थ पालटतो. त्या पालटण्यातच त्या संगीताची गंमत आहे. आमचे उलट आहे. भुई अचल, आणि तिच्यापासून प्रत्येक स्वर किती दूर उभा आहे ह्या जाणिवेतच राग असतो. उदाहरण घ्या. तोडीत रिषभ, गांधार व धैवत कोमल, मध्यम तीव्र. तिच्यात षड्जावर युरोपीय रीतीचा तीन स्वरांचा मेळ बांधू गेल्यास सा, कोमल ग आणि प असे स्वर घ्यावे लागतात. पण मियाँच्या तोडीत पंचम हा जपून, ओझरता लावावयाचा स्वर. त्यालाच मेळाने उंबरठ्यावर आणून बसविले तर तोडीचे काय उरले? वृंदावनी सारंगात तर गांधार आणि धैवत मुळीच नाहीत. तेथे सा-ग-प हा मेळ बांधताच येत नाही. मग सा-प, रे-प, म-नी अशा जोड्यांवर भागवावे लागते, आणि वाद्यवृंदाचा आवाज एकदम मोकळा, दुपारच्या माळरानासारखा होतो. म्हणजे रागाचा निर्बंध पाळू गेल्यास मेळाचे नवेच रूप हाती लागते. आमच्या मते ह्या वाटेने जाणाऱ्यासाठी खरी संपत्ती येथे आहे.

पियानोची गोष्ट निराळी. त्याच्या सप्तकात बारा पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. मींड नाही, आंदोलन नाही. आमच्या पेटीची माहूरला जी फजिती झाली ती पियानोचीही झाली असती. परंतु व्हायोलिन, पियानो व तंतुवाद्ये एकत्र आणली म्हणजे कामे वाटून घेता येतात. गळ्याचे काम व्हायोलिनने करावे, पियानोने आघात द्यावा, आणि वृंदातील चेलो व मोठी बास ह्यांनी सूर धरून ठेवावा. विचार करता करता आमच्या ध्यानी आले की, नाईक, संबळ व तुणतुणे ह्यांची वाटणी हीच आहे.

परंतु ही वाद्ये मराठी माणसांत कौफमानने प्रथम आणिली असे कोणी समजू नये. व्हायोलिन आणि पियानो ह्या दोहोंशी एका मराठी दरबाराचा परिचय त्यापूर्वी सव्वाशे वर्षे होऊन गेला होता. तो दरबार तंजावरचा. दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. पुढल्याच वर्षी कंपनीने तहाने राज्यकारभार आपल्याकडे घेतला आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख आणि भरपूर अवकाश राहिला. पाद्री श्वार्त्स ह्यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या ह्या राजाने त्या अवकाशात सरस्वतीमहाल ग्रंथालय वाढविले, मराठीत नाट्यप्रबंध रचिले, आणि युरोपीय वाद्यांचा बँड पदरी ठेविला. त्यांच्या दरबारातील वराहप्पय्या ह्या अधिकाऱ्याने मद्रासेत राहून व्हायोलिन व पियानो ही दोन्ही वाद्ये हस्तगत केल्याचे तंजावरचे संगीतज्ञ सांगत आले आहेत. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी मद्रासेजवळ एका युरोपियनाकडे व्हायोलिन शिकले. तंजावर दरबारातील चार भावांपैकी वडिवेलू ह्यांस त्रावणकोरच्या स्वातीतिरुनाल महाराजांनी १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन बहाल केले.

ह्या मंडळींनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी व्हायोलिन घेतले, स्वरमेळ घेतला नाही. वाद्य खाली बसून पायाच्या घोट्यावर टेकले, तारा सा-प अशा लाविल्या, आणि ते गळ्याच्या मागे चालावयास शिकले. शंभर वर्षांनंतर गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार ह्या आपल्या वादकांनी उत्तरेच्या पद्धतीत तेच केले, आणि आज व्हायोलिन परके आहे असे कोणी म्हणत नाही. पियानोस मात्र असा कोणी सापडला नाही, कारण त्याला खुंट्या पिळून वळविता येत नाही. तो दिवाणखान्यात शोभेसाठी राहिला, आणि पुढे चित्रपटांत नायिकेच्या हाती गेला.

दुसरे द्वार गोव्याचे, आणि तेथे नेमके उलट घडले. गोव्यातील चर्चच्या शाळांत शतकानुशतके मुलांस स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन धरावयास शिकविले जात होते. तेथे स्वरमेळ आला, पण राग बाहेर राहिला. ह्या शाळांतून निघालेले वादक ब्रिटिश हिंदुस्थानात पसरले. पलटणींचे बँड, मूकपटांची थिएटरे, हॉटेलांतील जाझ, आणि शेवटी मुंबईचे चित्रपट. संगीतदिग्दर्शक चाल गाऊन दाखवी, गोवेकर ती कागदावर उतरवी, आणि वीस-तीस व्हायोलिने ती एकदम वाजवीत. पडद्यावर ज्याचे नाव आले तो एक. ज्याच्या कागदावरून ते वाजले त्याचे नाव बहुधा कोठेच नाही. ह्या अन्यायाविषयी अलीकडे थोडेफार लिहिले जाऊ लागले आहे, हे ठीकच झाले.

ह्यांपैकी एक होते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७ चा. वडील चर्चच्या गायकवृंदाचे शिक्षक. सोळाव्या वर्षी, १९४३ साली, ते मुंबईस आले आणि नौशाद ह्यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. इतर अनेकांस रोजगारापुरते जे रागसंगीत ठाऊक होते, त्याचे ह्यांना वेडच लागले. १९५८ साली त्यांनी एक वाद्यवृंद उभारला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्याचा कार्यक्रम केला. ११० वादक, लता मंगेशकर आणि मन्ना डे हे गायक. त्यांच्या रचनांची नावे पाहावी: ‘सोनाटिना इंडियाना’, सारंगातील एक कंचेर्टो, आणि व्हायोलिनचा एक कंचेर्टो तोडी थाटात. ‘तोडी रागात’ असे न म्हणता ‘तोडी थाटात’ म्हणण्यात आम्हांस मोठी जाण दिसते. थाट म्हणजे नुसती स्वरांची मांडणी. तीत पंचमास मज्जाव नाही, आणि मेळ बांधणाऱ्याचा हात रागनियमांनी बांधला जात नाही. सारंगाच्या बाबतीत त्यांनी ही सवलत घेतली नाही, रागाचेच नाव लाविले. ज्या अडचणीचा ऊहापोह आम्ही वर केला, तिच्याशी हा मनुष्य रोज झुंजत होता ह्याची खूण त्या दोन नावांतच आहे.

कार्यक्रम झाले, पण त्यांच्या पाठीशी उभा राहील असा आश्रय मिळाला नाही. ११० वादकांस तालमीसाठी एकत्र आणावयाचे म्हणजे ११० दिवसांची मजुरी बुडवावयाची, आणि ती प्रत्येक तालमीस! १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस गेले. परतल्यावर ते माजोर्ड्यासच राहिले, आणि २०१२ साली तेथे वारले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटात त्यांचे नाव घेणारे एक गाणे आहे. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी गुरूस वाहिलेली ती आठवण होय. त्या गाण्यावर नाचलेल्या लोकांस हे नाव खऱ्या माणसाचे आहे ह्याची कल्पना नव्हती. नाव घरोघर पोचले, सारंगातील कंचेर्टो मात्र नाही.

आपल्या संगीताचे एक बरे असते. ते गळ्यात असते. गुरू गेला तरी शिष्याच्या गळ्यात राहते. कागदावरच्या संगीतास ही सोय नाही. ते वाजले नाही तर नसल्यासारखेच. कौफमान १९४६ साली मुंबई सोडून गेला आणि १९८४ साली अमेरिकेत वारला. त्याच्या काही रचनांची, वर सांगितलेल्या सप्तकासह, ध्वनिमुद्रिका २०२० साली निघाली, ती कॅनडातील टोरांटोच्या वादकांनी काढली. मुंबईत रचलेले संगीत ऐकावयास आम्हांस टोरांटोकडे कान लावावा लागला ह्याची थोडी लाज वाटावयास हरकत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात २००६ पासून कायमचा सिंफनी वाद्यवृंद आहे. २०१५ साली झाकीर हुसेन ह्यांच्याकडून त्याने तबल्यासाठी ‘पेशकार’ हा कंचेर्टो रचून घेतला व वाजविला. मग ‘नवरत्नम्’ आणि सारंग ह्यांनाच अडचण कोणती, हे आम्हांस कळत नाही.

पेटीच्या फजितीवरून एक आठवण. हिंदुस्थानी सूर पेटीत बसत नाही ह्या कारणास्तव आकाशवाणीने १९४० साली पेटीस बंदी केली, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. ह्या बंदीस बळ देणारा टीकालेख लिहिणारे जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार होते. दिल्लीच्या आकाशवाणीवर देशी व युरोपीय वाद्यांचा मेळ घालण्याची खटपट ते स्वतःच करीत होते, आणि ती अर्धी टाकूनच १९३९ साली कलकत्त्यास पटकीने वारले. मेळ घालू पाहणाऱ्यानेच पेटीस दूर लोटावे, हा योग मोठा चमत्कारिक. ज्याने त्या रात्री माहूरला पेटी आणली त्या आमच्या आप्तास हे सांगितले, तेव्हा तो जरासा सुखावला.

माहूरहून उतरताना पैनगंगेच्या बाजूस सागाचे रान लागते. हा सारा किनवटचा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या रानात आणि पलीकडे तेलंगणात राजगोंडांची वस्ती आहे, आणि त्यांच्या कुळांच्या कथा गाणारे प्रधान लोक किंगरी वाजवितात. तिला तीन तारा असतात आणि ती गजाने वाजते. म्हणजे गजाचे वाद्य येथे गलबतातून यावयाचे नव्हते. कौफमानने मुंबईत असताना मध्य प्रांतातील गोंड व बैगा ह्यांची गाणी ऐकून, स्वरलिपीत उतरवून, १९४१ साली अमेरिकेतील एका त्रैमासिकात त्यांवर लेख लिहिला होता. ते गोंड इकडले नव्हेत, दूर उत्तरेकडले. तथापि ‘नवरत्नम्’ लिहिणारा कान चार वर्षे आधी रानातल्या गाण्यांवर तयार झालेला होता, हे ह्यावरून दिसते. पुतणीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, ‘काका, मग त्याची स्वरलिपी मिळेल का?’ नांदेडच्या दुकानांत आम्ही चौकशी केली. चित्रपटगीतांची पुस्तके पुष्कळ होती.